दगडातील माणसे वाचताना : प्राचीन इजिप्तच्या कलावस्तू आणि आमचा इतिहासाचा तास

सहावी-सातवीच्या वर्गात इजिप्तचे नाव निघाले की मुलांच्या डोळ्यांसमोर तीन गोष्टी लगेच उभ्या राहतात : पिरॅमिड, ममी आणि तुतनखामेनचा सोन्याचा मुखवटा. पाठ्यपुस्तकात नाईल नदी, तिचे पूर आणि राजांची नावे येतात, मुले ती पाठ करतात आणि परीक्षेत लिहितातही. मात्र थोडा वेळ थांबून विचारले की, "त्या देशात राजे सोडून दुसरी माणसे होती का? ती काय करीत, काय खात, कोणापुढे वाकत?", तर वर्ग शांत होतो. ज्या समाजाने तीन हजार वर्षे एवढे प्रचंड निर्माण केले, त्या समाजातील निर्माते मुलांना ठाऊकच नसतात.

ही उणीव भरून काढण्यासाठी आपल्या विद्यालयात आम्ही गेली काही वर्षे इजिप्तचा समाज तेथील कलावस्तूंच्या आधारे शिकवतो. मूर्ती, चित्रे, लाकडी प्रतिकृती, खापरांवरील नोंदी यांची मोठी छायाचित्रे मुलांसमोर ठेवायची आणि त्यांना त्या वस्तू वाचायला लावायच्या, अशी ही साधी पद्धत आहे. तिचे स्वरूप आणि तिच्यातून मुलांच्या हाती काय लागते, हे पालकांना व माजी विद्यार्थ्यांना कळावे म्हणून हा लेख.

वस्तूच का?

इतिहासाची साधने भौतिक, लिखित आणि मौखिक अशी तीन प्रकारची असतात, हे आपली मुले सहावीतच शिकतात. प्राचीन इजिप्तमध्ये लेखन फार थोड्या लोकांच्या हाती होते. साहजिकच लिखित साधनांत बोलतो तो मुख्यतः राजा, पुरोहित आणि अधिकारी. वस्तूचे तसे नाही. मूर्ती घडवून घेणारा कोणीही असो, ती घडवणारा हात दुसऱ्याचाच असतो, आणि त्या हाताला जे दिसत होते ते कळत-नकळत वस्तूत उतरते.

प्रत्येक वस्तूपुढे मुलांनी पाच प्रश्न विचारावेत असा आमचा नेम आहे. ही वस्तू कशाची आहे आणि कशासाठी केली? ती कोणी घडवली असेल? कोणाच्या खर्चाने? तिच्यात मोठे कोण, लहान कोण आणि नाव कोणाचे लिहिले आहे? आणि शेवटचा प्रश्न : या चित्रात असायला हवे होते, पण नाही, असे कोण?

या प्रश्नांना उत्तरे देताना आपल्या मुलांपाशी एक मोठे भांडवल असते. वसतिगृहातील अनेक मुलांचे आईवडील बांधकामावर, वीटभट्टीवर, सफाईच्या कामावर किंवा ऊसतोडीवर राबलेले आहेत. श्रम करणारे शरीर कसे वाकते, हे मुलांना पुस्तकातून शिकावे लागत नाही. इजिप्तच्या जुन्या राज्यकाळातील थडग्यांत गुडघे टेकून दगडी पाट्यावर धान्य भरडणाऱ्या स्त्रीच्या छोट्या मूर्ती सापडल्या आहेत. अशा मूर्तीचे चित्र पाहताच मुली सांगतात, "जोर हातांचा नाही, पाठीचा लागतो." एवढे निरीक्षण झाले की इजिप्त हा दूरचा देश राहत नाही.

राजा अनवाणी, वहाणा दुसऱ्याच्या हाती

आमची पहिली वस्तू असते नार्मर राजाची शिलापट्टिका. इ.स.पू. ३१०० च्या सुमाराची ही कोरीव पाटी हायराकॉनपोलिस येथे १८९७-९८ च्या उत्खननात सापडली आणि आज ती कैरोला आहे. उंची सुमारे ६४ सेंटिमीटर. डोळ्यांत घालण्याचे रंगद्रव्य वाटण्यासाठी अशा पाट्या वापरीत, ही मात्र देवाला अर्पण करण्याजोगी भव्य केलेली आहे. तिच्यावर राजा शत्रूचे केस धरून त्याच्यावर गदा उगारतो आहे. राजा सर्वांत मोठा आणि शत्रू त्याच्या पायाशी. राजाच्या मागे, त्याच्या निम्म्याहून कमी उंचीचा एक मनुष्य राजाच्या वहाणा हातात घेऊन उभा आहे.

इजिप्तच्या कलेत आकार हा अंतराचा नव्हे, दर्जाचा निदर्शक असतो. मोठा म्हणजे मानाचा, लहान म्हणजे सेवेचा. एकदा हा नियम कळला की मुले कोणत्याही इजिप्शियन भित्तिचित्राची सामाजिक उतरंड स्वतःच सांगू लागतात. याच वेळी आम्ही त्यांना चौकटीच्या कागदावर उभी आकृती काढायला देतो. इजिप्तचे चित्रकार उभ्या माणसाची उंची तळपायापासून कपाळावरच्या केसांच्या रेषेपर्यंत १८ चौकटींत बसवीत. मुले त्याच मापाने राजा काढतात आणि मग एक गोष्ट त्यांच्या लक्षात येते : राजा आणि अधिकारी ठरलेल्या ताठ साच्यात अडकलेले असतात, तर कणीक मळणारा, ओझे वाहणारा, मासे पकडणारा यांच्या हालचाली मोकळ्या आणि जिवंत असतात. कलावंताला मोकळीक मिळाली ती कष्टकऱ्याचे चित्र काढताना.

मांडीवर पपायरस घेतलेला लेखनिक

दुसरी वस्तू पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयातील बसलेल्या लेखनिकाची मूर्ती. सक्कारा येथे १८५० मध्ये ती मिळाली. मांडी घालून बसलेला पुरुष, मांडीवर उलगडलेला पपायरस, हातात कधीकाळी लेखणी असावी अशी बोटांची ठेवण आणि स्फटिकाचे चमकदार डोळे. पोटावर मांसाच्या वळ्या आहेत. मुले प्रथम हसतात. मग कोणीतरी विचारते, "सर, याला उन्हात काम करावे लागत नसणार, नाही का?" उत्तर नेमके तेच आहे. सुटलेले पोट ही येथे प्रतिष्ठेची खूण आहे.

याच्या जोडीला आम्ही 'खेतीची शिकवण' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्राचीन रचनेची माहिती देतो. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची ही रचना. मुलाला लेखनिकांच्या शाळेत घालायला निघालेला बाप वाटेत इतर व्यवसायांची दुःखे एकेक करून सांगतो. तांबट, कुंभार, न्हावी, विणकर, धोबी अशा सर्वांचे हाल वर्णन करून, लेखनिकाला मात्र कोणी हुकूम करीत नाही असे तो पटवतो. पुढे शतकानुशतके शाळेतली मुले ही रचना सरावासाठी उतरवून काढीत.

येथे वर्गात चर्चा रंगते. शिक्षणाने माणूस वर येतो, हे आपल्या समाजाला कोणी नव्याने सांगायला नको. बाबासाहेबांच्या वाटेने आलेल्या प्रत्येक घराचा तो अनुभव आहे. तरीही दोन शिकवणींतला फरक मुलांनी ओळखावा असा आमचा आग्रह असतो. इजिप्तचा बाप मुलाला सांगतो की शीक, म्हणजे कष्टकऱ्यांतून तुझी एकट्याची सुटका होईल आणि त्यांच्यावर तुझा अधिकार चालेल. बाबासाहेबांनी शिकलेल्यांवर टाकलेली जबाबदारी याच्या उलट दिशेची होती. शिकलेल्याने मागे राहिलेल्यांकडे पाठ फिरवू नये, हा तिचा गाभा होता.

कोठारातील मोजणी

तिसरी वस्तू मुलांना सर्वाधिक आवडते, कारण ती खेळण्यासारखी दिसते. मेकेत्रे नावाचा एक मोठा राजअधिकारी चार हजार वर्षांपूर्वी होऊन गेला. थेब्स येथील त्याच्या थडग्यातील एका बंद कोनाड्यात १९२० मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या पथकाला रंगवलेल्या लाकडी प्रतिकृतींचा साठा सापडला. बेकरी आणि मद्यनिर्मितीचे घर, विणकाम, सुतारकाम, गुरांची मोजणी, नावा, धान्याचे कोठार असे अधिकाऱ्याच्या जहागिरीतील सारे जग त्यात आहे. मृत्यूनंतरही आपल्याला अन्नधान्य मिळत राहावे म्हणून ते त्याच्यासोबत पुरले होते. आज त्या प्रतिकृती कैरो आणि न्यूयॉर्क येथे विभागलेल्या आहेत.

कोठाराच्या प्रतिकृतीत मजूर धान्य मापून पोती भरतात, पाठीवर घेतात, पायऱ्या चढून कोठारात ओततात. दाराजवळ लेखनिक बसून प्रत्येक मापाची नोंद करीत आहेत. नवी मुंबईच्या मुलांना हे दृश्य समजावून सांगावे लागत नाही. वाशीच्या बाजार समितीतील दाणा मार्केट त्यांनी पाहिलेले असते. काहींचे वडील किंवा काका तेथे माथाडी आहेत. पोते उचलणारा कोण, काटा वाचणारा कोण आणि वहीत आकडा लिहिणारा कोण, या तीन भूमिका चार हजार वर्षांनीही ओळखीच्या वाटतात. फरक कोठे पडला, हेही येथेच सांगता येते. महाराष्ट्रात १९६९ च्या माथाडी कायद्याने डोक्यावर ओझे वाहणाऱ्याचे नाव नोंदवहीत आणले, त्याची मजुरी आणि इतर हक्क मंडळाच्या कक्षेत आणले. मेकेत्रेच्या कोठारात मोजले जाते ते धान्य. ते वाहणाऱ्या माणसांपैकी एकाचेही नाव आपल्याला माहीत नाही.

मरणानंतरही न सुटलेली वेठ

चौथी वस्तू आहे उशब्ती, म्हणजे थडग्यात ठेवलेली लहान पुतळी. परलोकात मृताला शेतीच्या किंवा वाळू वाहण्याच्या सक्तीच्या कामाला बोलावले, तर त्याच्या वतीने पुतळीने 'मी हजर आहे' म्हणून उत्तर द्यावे आणि काम करावे, अशी कल्पना होती. तसा मंत्रच तिच्यावर लिहिलेला असे. १९२२ मध्ये उघडलेल्या तुतनखामेनच्या थडग्यात अशा ४१३ पुतळ्या होत्या : वर्षाच्या प्रत्येक दिवसासाठी एक याप्रमाणे ३६५ कामकरी, दर दहा कामकऱ्यांमागे एक याप्रमाणे ३६ मुकादम आणि दर महिन्याला एक याप्रमाणे १२ वरिष्ठ मुकादम.

मुलांना हा हिशेब फार भावतो. मग त्यातला अर्थ उलगडतो. सक्तीचे श्रम त्या समाजात इतके अंगवळणी पडले होते की परलोकाची कल्पनाही त्यांच्यावाचून करता आली नाही. ज्याच्याजवळ साधने होती त्याने आपल्या वाट्याची वेठ पुतळ्यांवर ढकलली.

'वेठ' हा शब्द फळ्यावर लिहिला की आपल्या इतिहासाकडे वळणे सोपे होते. महार वतनाच्या नावाखाली गावाची आणि सरकारची वेळी-अवेळी करावी लागणारी कामे आजोबा-पणजोबांनी केली. बदल्यात मिळे ते तुटपुंजे इनाम आणि बलुते. या गुलामीवर बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात नेमका घाव घातला. १९ मार्च १९२८ रोजी त्यांनी १८७४ च्या वंशपरंपरागत वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाली. निळ्या-हिरव्या पुतळीपासून विधिमंडळातील विधेयकापर्यंतचा हा प्रवास एका तासात होतो, आणि वेठ ही नशिबाची नव्हे, व्यवस्थेची गोष्ट आहे हे मुलांच्या मनात ठसते.

हजेरीपट आणि संप

आतापर्यंतच्या वस्तूंत कष्टकरी दिसले, पण मुके. पाचव्या वस्तूत त्यांची नावे ऐकू येतात. राजांची थडगी खोदणारे आणि रंगवणारे कारागीर थेब्सच्या पश्चिमेला एका वसाहतीत राहत. आज त्या जागेला देइर अल-मदिना म्हणतात. तेथील एक मोठी चुनखडीची कपची लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयात आहे. तिच्यावर दुसऱ्या रामसेसच्या ४० व्या राजवर्षातील हजेरी लिहिलेली आहे. ४० कामगारांची नावे, २८० दिवसांच्या नोंदी. तारखा काळ्या शाईत आणि गैरहजेरीची कारणे वर तांबड्या शाईत. कोणी आजारी, कोणाला विंचू चावला, कोणाचे डोळे आले, कोणी घरच्या मयतासाठी गेला, कोणी बिअर बनवण्यासाठी थांबला. मुले मोठ्याने हसतात, कारण आपल्याच वर्गाचा हजेरीपट त्यांना त्यात दिसतो.

याच वसाहतीतील कामगारांनी तिसऱ्या रामसेसच्या २९ व्या राजवर्षी, म्हणजे इ.स.पू. ११५० च्या आसपास, काम बंद केले. मजुरी धान्याच्या रूपात मिळे आणि ती थकली होती. कामगार वसाहतीबाहेर पडून राजांच्या स्मृतिमंदिरांमागे जाऊन बसले. भूक आणि तहान यांनी आम्हांला येथे आणले, आमच्याजवळ वस्त्र नाही, मासे नाहीत, भाजी नाही, अशी त्यांची तक्रार इटलीतील तुरिन येथे जतन केलेल्या पपायरसवर नोंदलेली आहे. थकलेले धान्य त्यांना मिळाले, पुन्हा थकले तेव्हा ते पुन्हा बसले. नोंद सापडलेला जगातील हा पहिला संप. ज्या घरांत १९८२ च्या गिरणी संपाची आठवण आजही निघते, तेथील मुलांना 'धरणे' या शब्दाचे वय या निमित्ताने कळते.

येथे एक खुलासा आवर्जून करतो. हे कारागीर राज्याने पोसलेले कुशल कामगार होते. सर्वांत तळाचे नव्हते. शेतात राबणारा कुळवाडी आणि युद्धात पकडून आणलेला दास यांचा आवाज असा जपला गेलेला नाही. दुसरीकडे, पिरॅमिड चाबकाखालच्या गुलामांनी बांधले हे चित्रपटांतील दृश्यही जसेच्या तसे खरे नाही. गिझा येथे १९९० पासून बांधकाम कामगारांची थडगी उजेडात आली. त्यांतील सांगाड्यांवर झिजलेले मणके आहेत, तसेच मोडून नीट जुळलेली हाडेही आहेत. काम जिवावरचे होते आणि जखमींवर उपचारही होत होते. ही दोन्ही सत्ये मुलांनी एकत्र धरायला शिकावीत.

शेजारी बसलेली स्त्री

सहावी वस्तू मेइदुम येथे १८७१ मध्ये सापडलेली राहोतेप आणि नोफ्रेत या पतिपत्नीची रंगीत जोडमूर्ती. दोघे वेगवेगळ्या आसनांवर, जवळपास सारख्या उंचीचे. तो तांबूस तपकिरी, ती फिकट पिवळसर. "ती गोरी होती का?" हा प्रश्न हमखास येतो. रंग हा तेथील कलेचा संकेत होता : पुरुष उन्हातला, स्त्री घरातली. संकेत म्हणजे वास्तव नव्हे, आणि त्यावरून कोणाचा वर्ण वा श्रेष्ठत्व ठरत नाही, हे सांगण्याची ही चांगली संधी असते. शेतात कणसे वेचणाऱ्या कितीतरी स्त्रिया त्याच देशाच्या भिंतींवर रंगवलेल्या आहेत.

इजिप्तच्या स्त्रीला स्वतःच्या नावावर मालमत्ता ठेवता येई आणि न्यायसभेपुढे उभे राहता येई. देइर अल-मदिनातील नौनाख्त या स्त्रीचे मृत्युपत्र उपलब्ध आहे. म्हातारपणी ज्या मुलांनी आपल्याकडे पाहिले नाही त्यांना तिने आपल्या हिश्श्यातून वगळले. सव्वातीन हजार वर्षांपूर्वीच्या या कागदापुढे हिंदू कोड बिलाची हकीकत ठेवली, आणि त्या बिलाच्या रखडपट्टीनंतर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले हे सांगितले, की मुलींच्या चेहऱ्यांवर जे उमटते ते कोणत्याही गुणपत्रिकेत मावत नाही. तरीही नोफ्रेत राजघराण्याशी जोडलेली होती आणि धान्य भरडणारी स्त्री अनामिक राहिली, हेही आम्ही विसरू देत नाही.

तेथे जात होती का?

एवढे पाहिल्यावर कोणीतरी विचारतेच, "मग इजिप्तमध्येही जात होती?" हा प्रश्न या साऱ्या अभ्यासाचा कणा आहे आणि त्याला घाईने उत्तर देणे हा इतिहासावर अन्याय ठरेल.

इ.स.पू. पाचव्या शतकातील ग्रीक इतिहासकार हिरोडोटस लिहितो की, इजिप्तमध्ये डुकरे पाळणाऱ्यांना कोणत्याही मंदिरात प्रवेश नसे आणि त्यांच्याशी कोणी सोयरीक करीत नसे. ते आपसांतच लग्ने लावीत. हे वाचून आपल्या मुलांच्या अंगावर काटा येतो. येथे आम्ही पुन्हा वस्तूंकडे वळतो. हिरोडोटसच्या आधी सुमारे नऊशे वर्षे, अमार्ना येथील कामगारांच्या वसाहतीत डुकरे पाळण्याचे गोठे होते, हे उत्खननात दिसून आले आहे. म्हणजे निदान त्या काळी आणि त्या ठिकाणी हेच कामगार डुकरे पाळीत आणि राजाच्या थडग्यांवर कामही करीत. एका परदेशी प्रवाशाचे विधान साऱ्या तीन हजार वर्षांना लागू करता येत नाही. ते नाकारायचेही नाही; ते त्याच्या काळापुरते तपासायचे.

मुलगा बापाचाच धंदा करील, ही इजिप्तमध्ये सर्वसाधारण अपेक्षा होती. विषमता तीव्र होती आणि गुलामीही होती. पण धंदा बदलणे हे धर्मग्रंथाने पाप ठरवलेले नव्हते. हापूचा मुलगा आमेनहोतेप हा राजधानीपासून दूरच्या, साध्या घरातला लेखनिक तिसऱ्या आमेनहोतेप राजाच्या दरबारात सर्वोच्च मानाला पोहोचला आणि मृत्यूनंतर कित्येक शतकांनी लोक त्याला देव मानून पुजू लागले. लेखनिकाच्या आसनात बसलेल्या त्याच्या मूर्ती कर्नाकच्या मंदिरात उभ्या केल्या होत्या.

बाबासाहेबांनी १९४८ च्या आपल्या अस्पृश्यतेवरील ग्रंथाची सुरुवातच अशा तौलनिक पाहणीने केली आहे. प्राचीन आणि आदिम समाजांतही विटाळाच्या कल्पना होत्या. पण तो विटाळ ठरावीक प्रसंगापुरता, व्यक्तीपुरता आणि शुद्धीनंतर संपणारा असे. भारतातील अस्पृश्यता मात्र जन्माने चिकटणारी, पिढ्यान्पिढ्या चालणारी आणि संपूर्ण समूहाला वेगळे वसवणारी होती. हा भेद त्यांनी तेथे स्पष्ट केला आहे. आमच्या वर्गासाठी याचा अर्थ फार मोलाचा आहे. 'उच्चनीचता सगळीकडे होतीच' असे म्हणून जातीला नैसर्गिक ठरवणारा युक्तिवाद मुलांना आयुष्यभर ऐकावा लागणार आहे. इजिप्तचा अभ्यास त्यांना सांगतो की विषमता अनेक समाजांनी निर्माण केली, पण प्रत्येकीची घडण वेगळी होती. जी माणसांनी घडवली ती माणसांना मोडता येते.

सह्याद्रीच्या लेण्यांकडे परत

हेच पाच प्रश्न मग मुले आपल्या लेण्यांपुढे उभी राहून विचारतात. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकट येथील सामी नावाच्या सुताराचे आणि सिंहदत्त नावाच्या सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचे नाव शिलालेखात आहे; दोघांचाही संबंध तेथील दारांच्या कामाशी आहे. नाशिकच्या लेण्यात उषवदाताने विणकरांच्या दोन श्रेणींकडे मिळून ३००० कार्षापणे ठेव म्हणून ठेवल्याची नोंद आहे. जुन्नरच्या शिलालेखांत बांबूचे काम करणाऱ्यांच्या आणि कांस्यकारांच्या श्रेणींचा उल्लेख येतो. ज्या हातांना पुढच्या काळात हीन लेखले गेले, त्याच हातांच्या संघटनांवर दोन हजार वर्षांपूर्वी लोक भिक्षुसंघासाठीच्या ठेवी विश्वासाने सोपवीत होते. इजिप्तच्या थडग्यांतील बिननावाची माणसे पाहून आलेल्या मुलांना सामी सुताराच्या नावाचे मोल समजते. आणि तरीही पाचवा प्रश्न उरतोच : छिन्नी घेऊन हा कातळ वर्षानुवर्षे फोडणाऱ्यांची नावे कोठे आहेत?

हे दोन प्रदेश एकमेकांना अपरिचितही नव्हते. पहिल्या शतकात इजिप्तमधील एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या ग्रंथात कल्याण, सोपारा आणि चौल या आपल्या बंदरांचा उल्लेख आहे. तांबड्या समुद्रावरील बेरेनिके या इजिप्तच्या बंदरात भारतीय रांजणात ठेवलेली साडेसात किलो काळी मिरी सापडली, आणि २०२२ च्या उत्खननात तेथील इसिस देवतेच्या मंदिराच्या परिसरात ७१ सेंटिमीटर उंचीची संगमरवरी बुद्धमूर्ती मिळाली. ठाण्याच्या खाडीतून निघालेली गलबते कोठवर जात, हे सांगायला त्या मूर्तीचे छायाचित्र पुरेसे होते.

पालक आणि माजी विद्यार्थ्यांसाठी

हा अभ्यास घरीही चालू ठेवता येतो. हार्बर मार्गाने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरले की थोड्याच अंतरावर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. २०१२-१३ मध्ये ब्रिटिश संग्रहालयातील नेस्पेरेन्नुब या पुरोहिताची ममी तेथे प्रदर्शित झाली होती, तर डिसेंबर २०२३ पासून भारत, इजिप्त, असिरिया, ग्रीस आणि रोम यांची प्राचीन शिल्पे तेथे एकत्र मांडली गेली. बडोद्याच्या संग्रहालयातही एक इजिप्शियन ममी आहे. ज्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबियाला गेले, त्यांच्याच कारकिर्दीत ते संग्रहालय उभे राहिले. मुलांना तेथे न्यावे. सगळी दालने पाहण्याची घाई करू नये. एकाच वस्तूपुढे दहा मिनिटे थांबून पाच प्रश्न विचारावेत. उत्तर आले नाही तरी चालेल, प्रश्न विचारण्याची सवय लागली पाहिजे.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती आहे. विद्यालयात आम्ही श्रमाच्या वस्तूंचा एक कोपरा उभारत आहोत. आपल्या घरी जाते, पाटा-वरवंटा, रापी, कोयता, गिरणीतील हजेरीचे कार्ड, माथाडीचा बिल्ला, आजीने वापरलेली टोपली असे काही जपून ठेवलेले असेल, तर ते द्यावे; देणे शक्य नसेल तर त्याचे चांगले छायाचित्र पाठवावे. वस्तू जुनी वा देखणी असण्याची अट नाही. सोबतच्या चिठ्ठीवर मात्र ती वापरणाऱ्याचे पूर्ण नाव, गाव आणि त्याने किंवा तिने किती वर्षे ते काम केले, एवढे अवश्य लिहावे. मेकेत्रेच्या कोठारात पोती वाहणाऱ्यांसाठी ती चिठ्ठी कोणी लिहिली नाही. आपल्या माणसांसाठी ती आपण लिहू शकतो.